वन नेशन वन सबस्क्रिप्शनची जर्नल्स घरून वाचायला: लॉगिन कुणाला द्यायचं आणि बंद कुणी करायचं?

वाचनकक्ष_विदर्भ:

नमस्कार. मी अमरावती विभागातल्या एका शासकीय महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आमच्याकडे विज्ञानाचे तीन पदव्युत्तर विभाग आहेत आणि रसायनशास्त्राचं संशोधन केंद्र. १ जानेवारी २०२५ला वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही सरकारने संशोधन जर्नल्स एकत्र विकत घेऊन शासकीय संस्थांना देण्याची योजना सुरू झाली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी, एल्सव्हिअर, वायली यांची जर्नल्स आमच्या वाचनकक्षात उघडायला लागली. ३० प्रकाशक, १३ हजारांच्या आसपास जर्नल्स. याआधी एन-लिस्ट या कॉलेजांसाठीच्या ई-जर्नल योजनेवर जेवढं मिळायचं तेवढ्यावर आम्ही भागवत होतो. विद्यापीठात ओळखीचं कुणी असेल तर त्याच्याकडून लेख मागवायचो. त्यामुळे हे आमच्यासाठी किती मोठं आहे ते इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

अडचण अशी की हे सगळं आयपीवर, म्हणजे कॉलेजच्या इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावर चालतं. कॉलेजच्या आवारात उघडतं, बाहेर नाही. ग्रंथालय साडेपाचला बंद होतं. वसतिगृह रस्त्यापलीकडे, तिथलं इंटरनेट वेगळ्या जोडणीचं, म्हणजे तिथेही काही उघडत नाही. धारणी-चिखलदऱ्याकडच्या मुली सुट्टीत गावी जातात आणि एम.एस्सी.च्या प्रकल्पाचं लिखाण नेमकं त्याच सुट्टीत करायचं असतं. त्यात मागच्या सत्रात इंटरनेट पुरवठादाराने आमचा स्थिर आयपी न कळवता बदलला. आवारातही सगळं बंद पडलं. मुलांना वाटलं योजनाच संपली.

म्हणून आता इन्फेडमधून, म्हणजे संस्थेच्या लॉगिनवर जर्नल्स उघडून देणाऱ्या देशपातळीवरच्या व्यवस्थेतून, लॉगिन सुरू करायचं ठरतंय आणि त्याची जबाबदारी माझ्यावर आली आहे. माझे प्रश्न असे:

एक, प्राचार्यांचं म्हणणं आहे की सगळ्यांसाठी एकच यूझरनेम-पासवर्ड करून विभागांना वाटून टाका. मला ते पटत नाही, पण नेमकं का चूक आहे ते त्यांना समजेल अशा शब्दांत सांगायचंय. दोन, कॉलेजची वेबसाइट सांभाळणारा व्हेंडर म्हणतो की स्वतःचा शिबोलेथ सर्व्हर (लॉगिन तपासणारी यंत्रणा) बसवून देतो. घ्यावा का? तीन, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, निवृत्त प्राध्यापक, माजी विद्यार्थी यांचं काय करायचं? चार, प्रवेश कक्षाने मला विद्यार्थ्यांची एक्सेल फाइल दिली आहे. त्यात आधार क्रमांक आहे, जात प्रवर्ग आहे, वडिलांचं उत्पन्न आहे. ही फाइल अशीच चढवायची का? मला ते करवत नाही.

ही जर्नल्स सरकारने सार्वजनिक पैशातून घेतली आहेत. तीन वर्षांचे ६,००० कोटी रुपये. ती ज्या मुलीला सगळ्यात जास्त हवीत तिच्यापर्यंत रात्री नऊ वाजता पोचत नसतील, तर माझं काम अर्धंच झालंय असं मी मानते. कृपया अनुभवी लोकांनी सविस्तर लिहा.

---

ग्रंथालय_संगणक_कक्ष:

मॅडम, मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात हीच यंत्रणा सांभाळतो. तुम्ही विचारलेल्या क्रमाने न जाता, आधी हे चालतं कसं ते लिहितो. ते कळलं की निम्मी उत्तरं त्यातच मिळतील.

मुलगी घरून लेखाच्या पानावर जाते. तिथे 'ॲक्सेस थ्रू युवर इन्स्टिट्यूशन' असं किंवा तशा अर्थाचं बटण असतं. ते दाबून ती यादीतून आपलं कॉलेज निवडते. प्रकाशकाची साइट तिला तुमच्या लॉगिन पानावर पाठवते. पासवर्ड ती तिथे टाकते. प्रकाशकाकडे तो कधीच जात नाही. तुमच्या बाजूची यंत्रणा, जिला आपण आयडीपी म्हणतो, पासवर्ड तपासते आणि प्रकाशकाला सही केलेला निरोप पाठवते की ही व्यक्ती आमची आहे आणि विद्यार्थी आहे. या निरोपाची ठरलेली भाषा म्हणजे सॅमल. तिची २००५ची २.० ही आवृत्ती आजही सगळीकडे चालते.

आता परदेशातल्या प्रकाशकाने अमरावतीकडच्या एका कॉलेजच्या सहीवर विश्वास का ठेवायचा? गावात नव्याने आलेल्या माणसाला दुकानदार उधारी देतो ती कुणीतरी ओळखीचा जामीन राहतो म्हणून. इथे तसंच आहे. तुम्ही आणि प्रकाशक दोघंही एकाच फेडरेशनमध्ये, म्हणजे एकमेकांच्या लॉगिनवर विश्वास ठेवणाऱ्या संस्थांच्या संघात असता, किंवा एकमेकांशी जोडलेल्या फेडरेशन्समध्ये. आपलं फेडरेशन इन्फेड, ते गांधीनगरचं इन्फ्लिबनेट चालवतं. ते पुढे एज्युगेन या आंतरराष्ट्रीय जाळ्याला जोडलेलं आहे. सदस्य संस्थांची नावं, पत्ते आणि सहीच्या चाव्या असलेली मेटाडेटा फाइल फेडरेशन स्वतः सही करून प्रसिद्ध करतं. प्रकाशक ती वाचतो आणि त्यावरून तुमची सही ओळखतो.

म्हणजे जामीन तुम्ही आहात, मॅडम. प्राचार्यांना हेच सांगा. सामायिक पासवर्ड म्हणजे कोण माणूस आहे हे माहीत नसताना त्याच्यासाठी सही करणं. तो पासवर्ड आठवडाभरात व्हॉट्सॲपवर फिरतो, तिथून कुठे जातो ते कुणालाच कळत नाही. मग एखादा माणूस किंवा एखादा प्रोग्राम एका रात्रीत जर्नलचे अंकच्या अंक उतरवायला लागतो. प्रकाशकाची यंत्रणा ते पकडते आणि खातं बंद करते. खातं एकच असेल तर सगळं कॉलेज बंद. प्रत्येकाचं खातं वेगळं असेल तर एकच माणूस बंद होतो आणि बाकीच्यांचं वाचन चालू राहतं.

स्वतःचा सर्व्हर: माझं स्पष्ट मत, नको. ज्या संस्थांकडे स्वतःचा आयडीपी नाही त्यांची खाती इन्फ्लिबनेटच्या बाजूला ठेवण्याची सोय आहे. तुमच्या आकाराच्या कॉलेजने तीच घ्यावी. शिबोलेथ हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, उत्तम आहे, आम्ही तेच चालवतो, पण ते बसवून विसरून जाण्यासारखं नाही. चौथ्या आवृत्तीची देखभाल सप्टेंबर २०२४मध्ये थांबली. पाचवीला जावा १७ लागतं आणि त्याखालचा वेब सर्व्हरही नवा लागतो. सुरक्षा दुरुस्त्या येत राहतात. व्हेंडरला विचारा की पुढच्या आवृत्तीवर कोण नेणार आणि त्याचे पैसे कोण देणार. उत्तर लेखी मागा.

बंद पडण्याची दोन कारणं मी इतक्या संस्थांमध्ये पाहिली आहेत की ती इथे लिहूनच ठेवतो, कधी स्वतःचा सर्व्हर घेतलाच तर उपयोगी पडतील. पहिलं म्हणजे घड्याळ. सॅमलचा निरोप जेमतेम काही मिनिटं वैध असतो. शिबोलेथ मूळ सेटिंगमध्ये तीन मिनिटांचा फरक चालवून घेतं. सर्व्हरचं घड्याळ त्याहून मागे-पुढे गेलं की पासवर्ड बरोबर असूनही कुणालाच प्रवेश मिळत नाही, आणि पडद्यावर येणाऱ्या संदेशावरून घड्याळाचा संशयसुद्धा येत नाही. दुसरं म्हणजे प्रमाणपत्रांची गल्लत. लॉगिन पानाचं एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र वेगळं आणि निरोपावर सही करायचं प्रमाणपत्र वेगळं. पहिलं ठरावीक काळाने बदलावंच लागतं. ते बदलताना कुणीतरी उत्साहाने दुसरंही बदलतं आणि फेडरेशनला कळवत नाही. मेटाडेटात जुनी चावी, निरोपावर नवी सही. सगळे प्रकाशक एकाच दिवशी नकार देतात. सहीची चावी बदलायची तर आधी नवी चावी मेटाडेटात जुनीच्या शेजारी ठेवायची, ती सगळीकडे पोचू द्यायची, मग वापरायला घ्यायची आणि जुनी शेवटी काढायची.

पण खरं सांगतो, या तांत्रिक गोष्टी कुणीही शिकेल. यंत्रणा खरी घसरते ती यादीवर. खातं उघडताना सगळे हजर असतात, बंद करायची वेळ कुणाच्याच कामात बसत नाही. पाच वर्षांपूर्वी पास झालेला मुलगा आजही 'विद्यार्थी' म्हणून जर्नल्स उघडतोय आणि आपण त्याच्यासाठी रोज सही करतोय, असं व्हायला नको. आणि ही यादी प्रवेश कक्षाकडे नाही, व्हेंडरकडे तर नाहीच, ती तुमच्याकडे आहे. सोल किंवा कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमधली तुमची सभासद यादी बघा. कोण कोणत्या वर्गात, कार्ड कधी संपतं, सगळं तिथे आहे. खात्याची मुदत कार्डाच्या मुदतीला बांधा. एम.एस्सी.ची दोन वर्षं, पीएच.डी.ची दरवर्षी नूतनीकरणासोबत. आणि मुख्य म्हणजे नो ड्यूज. दाखला नेण्याआधी प्रत्येक मूल तुमच्या सहीसाठी येतंच. पुस्तकं जमा झाली का हे तुम्ही पाहताच, तिथेच लॉगिन बंद केलं का असा एक रकाना वाढवा. नवीन समिती नको, नवीन परिपत्रक नको.

तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक शिकवत आहेत, नेमणूकपत्र आहे, म्हणजे त्यांना मिळायलाच हवं. खात्याची शेवटची तारीख नेमणूकपत्रात असेल तीच टाका. पुढच्या सत्रात पुन्हा नेमणूक झाली की तारीख पुढे न्या. त्यांना वगळून बसलेली कॉलेजं मी पाहिली आहेत आणि मला ते फार लागतं. विषयाचे निम्मे तास तेच घेतात. माजी विद्यार्थी आणि निवृत्त प्राध्यापक हे करारातल्या 'अधिकृत वाचक' या व्याख्येत साधारणपणे बसत नाहीत. निवृत्त प्राध्यापक अजून पीएच.डी.चे मार्गदर्शक असतील तर तसा विद्यापीठाचा कागद घेऊन इन्फ्लिबनेटला विचारा. मनाने ठरवू नका.

---

पीएचडी_चौथं_वर्ष:

मॅडम, सरांनी आतल्या बाजूचं लिहिलंय, मी वापरणाऱ्याच्या बाजूने लिहिते. लॉगिन दिल्यावर मुलं 'चालत नाही' म्हणून तुमच्याकडे येतील तेव्हा बहुतेक वेळा यातलं काहीतरी असेल.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो प्रकाशकाच्या साइटवरच्या दोन वेगवेगळ्या लॉगिनचा. वर कोपऱ्यात जे 'साइन इन' असतं ते तुमच्या वैयक्तिक खात्याचं, जीमेल टाकून कुणीही उघडू शकतं. त्यातून शिरलं की नाव दिसतं, पण लेख बंदच राहतो आणि पैसे मागतो. आमच्या विभागातल्या एका मुलीने खरंच कार्ड नंबर टाकायला घेतला होता, मी शेजारी होते म्हणून थांबवलं. संस्थेचं बटण वेगळं असतं ते पहिल्याच दिवशी मोठ्या पडद्यावर करून दाखवा, नुसती पीडीएफ पाठवू नका.

दुसरं, यादीत कॉलेजचं नाव कसं नोंदलं आहे ते. आपण तोंडी जे नाव वापरतो ते तिथे नसतं. पूर्ण इंग्रजी नाव असतं, आणि 'गव्हर्नमेंट कॉलेज'ने सुरू होणाऱ्या संस्था देशभर आहेत. मुलं शेजारच्या जिल्ह्याचं कॉलेज निवडतात आणि आपला पासवर्ड तिथे टाकत बसतात. नाव नोंदवतानाच त्यात गाव येईल असं बघा. काही प्रकाशक आधी फेडरेशन निवडायला सांगतात, तिथे इन्फेड किंवा इंडियाच्या नावाने शोधायचं, हेही सांगा.

तिसरं, लॉगिनच्या पानाचा बुकमार्क. मुलं तेच पान जपून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी थेट तिथून शिरायला जातात. मग 'स्टेल रिक्वेस्ट' असा काहीतरी एरर येतो, कारण त्या पानावर प्रकाशकाकडून येणारी विनंती सोबत असावी लागते. बुकमार्क करायचाच तर लेखाचा किंवा जर्नलच्या मुखपृष्ठाचा करायचा.

आणि फोनवर टेलिग्राममधून आलेली लिंक टेलिग्रामच्या आतल्याच ब्राउझरमध्ये उघडते, तिथे आधीचं लॉगिन लक्षात राहत नाही. लिंक क्रोममध्ये उघडायची. गावी नेटवर्क बेताचं असतं, पुन्हा पुन्हा लॉगिन करावं लागलं की मुली नाद सोडून देतात. माझी स्वतःची सुरुवातीची दोन वर्षं अशीच दुसऱ्यांकडून लेख मागण्यात गेली, म्हणून एवढं लिहिलं.

---

बर्लिनकर_कोल्हापूरचा:

ताई, मी जर्मनीत एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात ओळख-व्यवस्थापनाचं काम करतो. इथलं फेडरेशन डीएफएन-एएआय, तेही एज्युगेनमध्येच आहे, त्यामुळे तुमच्या-आमच्या कामात तत्त्वतः फरक नाही. तुमच्या चौथ्या प्रश्नावर लिहितो, कारण तुम्हाला जे करवत नाही ते अगदी योग्य आहे.

प्रकाशकाला लेख उघडून द्यायला मुलीचं नावसुद्धा लागत नाही. लागतात त्या दोन, फार तर तीन गोष्टी. एक, तिचं संस्थेशी नातं काय. यासाठी एज्युपर्सन या शिक्षणसंस्थांसाठीच्या ठरावीक नमुन्यात (स्टँडर्डमध्ये) ठरलेले शब्द आहेत: विद्यार्थी, अध्यापक, कर्मचारी, सदस्य, माजी विद्यार्थी वगैरे. दोन, ती ग्रंथालयाच्या नेहमीच्या कराराच्या अटींत बसते असं सांगणारा हक्काचा शिक्का, ज्याला आम्ही कॉमन-लिब-टर्म्स म्हणतो. माजी विद्यार्थ्याचं खातं दुसऱ्या कामासाठी चालू ठेवायचं असेल तर ते ठेवा, पण हा शिक्का देऊ नका, म्हणजे जर्नल्स उघडणार नाहीत. तीन, एक टोपणओळख, जी प्रत्येक प्रकाशकासाठी वेगळी तयार होते. एल्सव्हिअरकडे तिची एक ओळख, वायलीकडे दुसरी. दोघांनी नोंदी जुळवून पाहिल्या तरी ती एकच मुलगी आहे हे त्यांना समजत नाही. तिने शोधून साठवलेलं मात्र तिला पुढच्या वेळी सापडतं.

एखाद्या प्रकाशकाने नाव-ईमेल मागितलं तर का हवं ते विचारायचं. आम्ही इथे प्रत्येक वेळी विचारतो आणि बहुतेक वेळा नसलं तरी चालतं असंच उत्तर येतं. कुणी कोणता आजार, कोणता कायदा, कोणता धर्म याबद्दल काय वाचलं हे वाचणाऱ्याचं स्वतःचं आहे. ग्रंथालयाने ते राखायचं असतं, माझी यावर फार श्रद्धा आहे.

तेव्हा त्या एक्सेलमधून आधार, प्रवर्ग, उत्पन्न, जन्मतारीख हे रकाने आधी काढून टाका. नाव, कॉलेजचा ईमेल, वर्ग, मुदत एवढं पुरे. मूळ फाइल प्रवेश कक्षाला परत करा आणि तुमच्या संगणकावरची प्रत पुसा. भारतातही २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झालाच आहे, कुणी विरोध केला तर त्याचं नाव घ्या.

अजून एक. टोपणओळख दिली म्हणजे गैरवापर करणारा सापडणार नाही असं कुणी म्हणेल. तसं होत नाही. प्रकाशक तक्रार करताना वेळ आणि ती टोपणओळख कळवतो. ती कुणाची हे आयडीपीच्या नोंदवहीवरून तुमच्या बाजूला, आणि फक्त तुमच्या बाजूला, कळतं. खाती इन्फ्लिबनेटकडे असतील तर ही नोंद किती दिवस ठेवतात आणि तक्रार आली तर कुणाला फोन करायचा हे आत्ताच विचारून ठेवा. आणि तक्रार आली की आधी त्या विद्यार्थ्याशी बोला. कित्येकदा संदर्भ गोळा करणाऱ्या सॉफ्टवेअरने एका क्लिकवर शंभर पीडीएफ उतरवलेल्या असतात, मुलाला त्याची कल्पनाही नसते.

---

वाचनकक्ष_विदर्भ:

तिघांचेही मनापासून आभार. सामायिक पासवर्डचा विषय संपला. एकाच्या चुकीने सगळं कॉलेज बंद होईल हे प्राचार्यांना लगेच पटलं. स्वतःच्या सर्व्हरचाही नाद सोडला. नो ड्यूजच्या फॉर्ममधला रकाना मी कार्यालयाशी बोलून घेतला आहे, आणि सोलमधल्या यादीची मुदत तपासायला बसले तर बऱ्याच कार्डांना मुदतच टाकलेली नाही असं दिसलं. ते आधी पूर्ण करते, मगच यादी चढवते.

एकच राहिलं. आमच्या वाचनकक्षात बाहेरचे लोकही येतात. जवळच्या शाळेतले विज्ञान शिक्षक येतात, एक निवृत्त कृषी अधिकारी कीडनियंत्रणावरचे लेख वाचायला नियमित येतात. त्यांना मी आजवर कधी परत पाठवलेलं नाही आणि पाठवायचंही नाही. त्यांना खातं देता येईल का?

---

ग्रंथालय_संगणक_कक्ष:

खातं नको, मॅडम, पण त्यांना परत पाठवायचीही गरज नाही. एज्युपर्सनच्या त्या ठरलेल्या शब्दांतच 'लायब्ररी-वॉक-इन' असा एक प्रकार आहे, तो अशाच वाचकांसाठी: प्रत्यक्ष ग्रंथालयात बसलेला माणूस, एवढीच त्याची ओळख. बऱ्याच प्रकाशकांच्या करारांत अशा वाचकांना आवारात बसून वाचायची मुभा असते. या योजनेच्या करारांत ती आहे का, हे इन्फ्लिबनेटला ईमेल करून लेखी मागवा आणि उत्तर फाइलला लावा.

मुभा असेल तर सोपं आहे. लॉगिन सुरू झालं म्हणून आयपीची नोंद रद्द करू नका, दोन्ही एकत्र चालतात. वाचनकक्षातला एक संगणक आयपीवरच ठेवा, कृषी अधिकारी साहेबांना तिथे बसवा, त्यांना लॉगिन लागणारच नाही. फक्त त्या संगणकावरचा ब्राउझर बंद केला की सगळं पुसलं जाईल अशी सेटिंग करा आणि प्रत्येक वाचक उठल्यावर तो बंद करायची सवय लावा. कारण त्याच संगणकावर कुणी लॉगिन करून वाचलं असेल, तर प्रकाशकाच्या साइटवर 'लॉगआउट' दाबलं तरी आयडीपीकडचं सत्र बऱ्याचदा चालूच राहतं, आणि आधी बसलेल्या विद्यार्थिनीच्या नावावर पुढचा माणूस वाचत राहतो.